द्वारपालाची शिस्त

रायगडावरील हिरकणीची कथा आपल्या शाळेंतील लहानथोर सर्वांच्या परिचयाची आहे. गडाखालच्या वाडींतील ही गवळण दूध विकावयास गडावर गेली, तिला परतण्यास उशीर झाला, आणि सूर्यास्त होतांच गडाचे दरवाजे बंद झाले. द्वारपालांनीं नियमावर बोट ठेवून ते उघडण्याचें नाकारिलें. घरीं तान्हें मूल! तेव्हां ती माउली रात्रीच्या अंधारांत कड्यावरून खालीं उतरून गेली. शिवाजी महाराजांच्या कानीं ही गोष्ट गेल्यावर त्यांनीं तिचा गौरव केला, आणि ज्या कड्यावरून ती उतरली तेथें बुरूज बांधविला, अशी आख्यायिका आहे. ह्या कथेंत आईच्या मायेची थोरवी सर्वजण गातात, व तें योग्यच आहे. परंतु आज आम्हांस तिच्यांतील दुसऱ्याच एका गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे. दरवाजे भक्कम होते, द्वारपाल कर्तव्यदक्ष होते, तरी एक कडा मोकळा राहिला होता. जो कडा आईस खालीं उतरूं देतो, तो शत्रूसही वर चढूं देईल, हें महाराजांनीं तत्काळ ओळखिलें.

हा विचार आमच्या मनांत आला तो एका यंत्राच्या निमित्तानें. विद्यार्थ्याचे गुण, जन्मतारीख, घरचा पत्ता, फीची नोंद ही सर्व माहिती आतां संगणकांत असते, आणि एका संगणकांतून दुसऱ्या संगणकांत ती पोंचविण्याचें काम पुष्कळ ठिकाणीं फाइल-सर्व्हर करितो. आईबापांनीं विश्वासानें दिलेली माहिती अशा वेळीं त्याच्या हातीं असते. तो तिचें रक्षण करितो कीं नाहीं, हें त्याच्या दारास कुलूप आहे एवढ्यावरून ठरत नाहीं. कुलपाविषयींच्या आज्ञा तो कोणत्या क्रमानें ऐकतो, कोणत्या नाकारितो, आणि कुलूप लागतांच पूर्वीचें काय काय विसरतो, ह्यावरून तें ठरतें. हें कसें, तें सोप्या रीतीनें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे.

प्रथम सर्व्हर म्हणजे काय तें पाहूं. जो संगणक अहोरात्र वाट पाहत बसतो आणि कोणी कांहीं मागितल्यास तें देतो, तो सर्व्हर. व जो मागावयास येतो, तो क्लायंट. ह्या दोघांनीं एकमेकांस फाइली कशा द्याव्या, ह्याविषयींच्या एका नियमसंग्रहास फाइल ट्रान्स्फर प्रोटोकॉल, किंवा थोडक्यांत एफटीपी, असें म्हणतात. आपणांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही कीं, ह्या नियमांचा पहिला मसुदा एका भारतीयानें लिहिला. अभय भूषण हे कानपूर येथील आयआयटीचे विद्यार्थी. पुढील अध्ययनासाठीं ते अमेरिकेंतील एमआयटी ह्या संस्थेंत गेले, आणि तेथें असतांना १९७१ च्या एप्रिल महिन्यांत त्यांनीं हा मसुदा प्रसिद्ध केला. अशा मसुद्यांस व नियमांस क्रमांक देण्याची पद्धत आहे व त्यांस आरएफसी म्हणतात. भूषण ह्यांच्या मसुद्याचा क्रमांक ११४ होय. पुढें त्यांत अनेक सुधारणा होऊन १९८५ सालीं जॉन पोस्टेल व जॉइस रेनल्ड्स ह्यांनीं लिहिलेला आरएफसी ९५९ प्रसिद्ध झाला. आजही ह्या पद्धतीचा पाया तोच आहे.

ह्या पद्धतीचें एक वैशिष्ट्य नीट ध्यानांत ठेविलें पाहिजे, कारण पुढील विवेचन त्यावर अवलंबून आहे. क्लायंट व सर्व्हर ह्यांमध्यें एक नव्हे, दोन वाटा असतात. पहिली वाट बोलण्याची. तिच्यावरून क्लायंट आज्ञा पाठवितो व सर्व्हर उत्तरें देतो. दुसरी वाट मालाची. तिच्यावरून प्रत्यक्ष फाइली व फाइलींच्या याद्या जातात. बोलण्याची वाट आरंभापासून निरोप घेईपर्यंत एकच असते. मालाची वाट मात्र प्रत्येक वेळीं नवी उघडतात. आज्ञा म्हणजे लहानसे ठरीव शब्द. 'यूझर' ह्या शब्दापुढें आपलें नांव सांगावयाचें, 'पास' ह्या शब्दापुढें पासवर्ड सांगावयाचा, आणि फाइल मागण्याच्या व ठेवण्याच्या आज्ञा ह्याच धर्तीच्या. सर्व्हर तीन अंकांनीं उत्तर देतो. पहिला अंक २ असल्यास होकार समजावा. ३ असल्यास 'पुढें बोला'. ४ असल्यास 'आतां होत नाहीं, मागाहून या'. आणि ५ असल्यास साफ नकार.

मूळच्या नियमांत नांव, पासवर्ड आणि फाइल हें सर्व उघड्या अक्षरांत जात असे. उघडें पोस्टकार्ड ज्याच्या ज्याच्या हातांतून जाईल त्यास वाचतां येतें. तद्वतच इंटरनेटवरून जाणारें उघडें बोलणें वाटेंतील ज्या यंत्रांतून जातें, तेथें तें वाचतां येतें. आरंभीं ह्या जाळ्यांत मोजक्याच संस्था होत्या, तेव्हां हा दोष फारसा बाधला नाहीं. जाळें जगभर पसरल्यावर मात्र तो उघड्यावर आला. म्हणून १९९७ सालीं आरएफसी २२२८ ह्या पत्रकानें रक्षणाच्या नव्या आज्ञा दिल्या. आणि २००५ सालीं आरएफसी ४२१७ ह्या पत्रकानें त्या आज्ञा टीएलएस नांवाच्या कुलपास कशा जोडाव्या, तें ठरवून दिलें. बँकेचें किंवा परीक्षेच्या निकालाचें पान संगणकावर उघडतांना त्याच्या पत्त्याच्या आरंभीं 'एचटीटीपीएस' हीं अक्षरें दिसतात. तेथें जें कुलूप असतें, तेंच हें.

शिस्तीच्या सर्व्हरशीं क्लायंटाचें बोलणें साधारणतः पुढीलप्रमाणें चालतें. अंक नियमांतील आहेत. त्यांपुढील शब्द अर्थ कळावा म्हणून आम्हीं घातले आहेत.

क्लायंट : ऑथ टीएलएस.
सर्व्हर : २३४. मान्य आहे, कुलूप लावूं या.
(येथें सर्व्हर आपलें प्रमाणपत्र दाखवितो, क्लायंट तें पारखतो, व दोघे गुप्त लिपीची किल्ली ठरवितात. येथून पुढील सर्व बोलणें गुप्त लिपींत.)
क्लायंट : यूझर, अमुक.
सर्व्हर : ३३१. पासवर्ड सांगा.
क्लायंट : पास, तमुक.
सर्व्हर : २३०. या, आंत या.
क्लायंट : पीबीएसझेड ०.
सर्व्हर : २००. ठीक.
क्लायंट : प्रॉट पी.
सर्व्हर : २००. ठीक.

ह्यांतील 'ऑथ' ही बोलण्याच्या वाटेस कुलूप लावण्याची आज्ञा होय. 'प्रॉट' ही मालाच्या वाटेविषयींची आज्ञा. तिच्यापुढें चार अक्षरांपैकीं एक येऊं शकतें. 'सी' म्हणजे वाट उघडी; 'एस' म्हणजे मजकूर उघडा, परंतु कोणी फेरफार केल्यास तो ओळखूं येईल; 'ई' म्हणजे मजकूर गुप्त, परंतु फेरफाराची पारख नाहीं; आणि 'पी' म्हणजे गुप्तही व पारखलेलाही. टीएलएसच्या पद्धतींत 'सी' व 'पी' हे दोनच प्रकार चालतात. इतर दोन मागितल्यास ५३६ ह्या अंकानें नकार मिळतो. राहिली 'पीबीएसझेड'. रक्षण केलेल्या मजकुराचें गांठोडें किती मोठें असावें, हें सांगण्यासाठीं ती निघाली. टीएलएस आपलीं गांठोडीं आपणच बांधतो, म्हणून येथें केवळ शून्य सांगावयाचें. तरी ती वगळतां येत नाहीं. 'प्रॉट'च्या पूर्वीं ती आलीच पाहिजे, असा नियम आहे.

आतां द्वारपालाच्या शिस्तीकडे वळूं. तिचें पहिलें अंग क्रम हें होय. 'ऑथ' झाल्यावांचून 'पीबीएसझेड' आली, अथवा 'पीबीएसझेड'वांचून 'प्रॉट' आली, तर सर्व्हरनें ५०३ असें उत्तर द्यावें. 'आज्ञा ओळखीची आहे, पण तिची वेळ ही नव्हे,' असा ह्या अंकाचा अर्थ. कोणी म्हणेल, एवढी शब्दांची कडक शिस्त कशाला? समजा, एका ढिसाळ सर्व्हरनें कुलूप लागण्यापूर्वींच 'प्रॉट पी' ऐकून '२००, ठीक' म्हटलें. क्लायंटास वाटतें, मालाची वाट सुरक्षित झाली; आणि वस्तुतः तेथें कांहींच झालेलें नाहीं. साफ नकार मिळाला असता तर तो सावध झाला असता. खोटा होकार हा नकारापेक्षां नेहमींच अधिक घातक असतो. शास्त्रपाठाच्या तासास आपण नहेम्याची हकीकत वाचितों. यरुशलेमेचा कोट बांधून दारें बसविल्यावर तो स्वस्थ बसला नाहीं. ऊन चढल्यावांचून वेशी उघडूं नयेत, आणि पहारेकरी जाग्यावर असतांनाच दारें लावून अडसर घालावे, असें त्यानें ठरवून दिलें. दार चांगलें असणें ही एक गोष्ट आणि तें कोणत्या क्रमानें उघडावें व लावावें ही दुसरी, हें तो जाणून होता.

शिस्तीचें दुसरें अंग नकार देण्याची तयारी. सर्व्हरच्या धन्यानें 'कुलपावांचून कोणासही प्रवेश नाहीं' असें ठरविलें आहे, आणि कोणी क्लायंट 'ऑथ' न म्हणतां सरळ 'यूझर' म्हणूं लागला, असें समजा. अनेक सर्व्हर अशा वेळीं ५३० ह्या अंकानें त्यास थांबवितात. येथें नकार कोणत्या क्षणीं द्यावयाचा, हें फार महत्त्वाचें आहे. 'यूझर' चालूं दिलें आणि 'पास' आल्यावर नकार दिला, तर तो व्यर्थ होय. कारण तोंवर पासवर्ड उघड्या अक्षरांत वाटेवरून येऊन गेलेला असतो, आणि ज्यास तो चोरावयाचा होता त्यास तो मिळालेलाही असतो. म्हणून नांव ऐकतांच नकार द्यावा, गुपित ऐकण्याची वाट पाहूं नये. नकाराचें कारणही खरें सांगावें. मागितलेल्या पद्धतीची ओळखच नसेल तर ५०४. ओळख आहे पण धन्याच्या धोरणांत बसत नसेल तर ५३४. आणि पद्धत मान्य आहे पण आवश्यक तें साधन तूर्त हाताशीं नसेल तर ४३१. ह्या तीन उत्तरांतील भेद ओळखूनच समोरच्यास पुढें काय करावें तें कळतें.

हेंच कर्तव्य क्लायंटाचेंही आहे. वाटेंत बसलेला एखादा लबाड मनुष्य सर्व्हरच्या नांवानें 'मला ऑथ समजत नाहीं' असें खोटें उत्तर देऊं शकतो. क्लायंट भोळा असेल तर तो म्हणतो, 'बरें तर, कुलपावांचून चालूं द्या,' आणि पासवर्ड उघडा सांगून मोकळा होतो. सावध क्लायंट अशा वेळीं बोलणें तेथेंच तोडतो. तसेंच सर्व्हरचें प्रमाणपत्र भलत्याच नांवाचें आहे, अशी सूचना पडद्यावर दिसली तर ती न वाचतां पुढें जाण्याची कळ दाबणें म्हणजे अनोळखी मनुष्याच्या हातीं आपल्या हातानें किल्ली देणें होय. ही सूचना विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं विशेष लक्षांत ठेवावी.

शिस्तीचें तिसरें अंग विसरणें. हें वाचून विद्यार्थ्यांस नवल वाटेल, कारण शाळेंत तर विसरण्याबद्दल शिक्षाच मिळते! परंतु कुलूप लागण्यापूर्वीं जें कांहीं बोलणें झालें, तें कोणीही मध्यें घुसून बोललेला असूं शकतो. म्हणून नियमानें असें ठरविलें आहे कीं, 'ऑथ' मान्य झाली कीं रक्षणाविषयींच्या पूर्वींच्या आज्ञा रद्द समजाव्या, आणि कोणी आधींच प्रवेश केला असला तरी त्यास पुन्हां ओळख द्यावयास लावावें.

हें विसरणें अपुरें राहिलें तर काय होतें, ह्याचें उदाहरण २०११ सालीं जगापुढें आलें. पोस्टफिक्स नांवाच्या टपाल-सर्व्हरचे कर्ते वीत्सा व्हेनेमा ह्यांनीं त्या वर्षीं एक दोष उघड केला. सर्व्हरकडे आज्ञा एक एक करून येतात असें आपणांस वाटतें. पण वस्तुतः जितकीं अक्षरें एका वेळीं येतील तितकीं तो एका टोपलींत गोळा करितो आणि तींतून एकेक आज्ञा उचलितो. आतां वाटेंतील चोरानें कुलूप लावण्याच्या आज्ञेस लागूनच आपली एक उघडी आज्ञा टोपलींत टाकिली. सर्व्हरनें पहिली आज्ञा उचलिली, कुलूप लाविलें, आणि मग टोपलींत हात घालून दुसरी उचलिली. ती आली होती कुलपापूर्वीं. पण सर्व्हरनें ती कुलपाच्या आंतून, विश्वासू क्लायंटाकडून आली असेंच मानिलें! ह्याच जातीचा दोष त्याच वर्षीं प्युअर-एफटीपीडी ह्या फाइल-सर्व्हरमध्येंही आढळला व दुरुस्त करण्यांत आला. उपाय काय, तर अगदीं साधा : कुलूप लावतांना टोपली उलटी करून झटकावयाची. कुलूप उत्तम होतें, गणित निर्दोष होतें. चूक होती ती शिळें बोलणें ताजें समजण्याची.

आतां आपण हिरकणीच्या कड्याशीं येऊन पोंचलों. 'ऑथ'नें बोलण्याची वाट बंद झाली, पासवर्ड सुरक्षित झाला, आणि पुष्कळांस वाटतें कीं काम संपलें. परंतु 'प्रॉट पी' म्हटलें नाहीं तर मालाची वाट उघडीच राहते. म्हणजे किल्ली पेटींत जपून ठेविली आणि पेटींतील कागद मात्र चव्हाट्यावरून नेले, असें होतें! मुलांच्या गुणांची यादी ज्यास वाचावयाची आहे, त्यास पासवर्डाची गरजच उरत नाहीं. म्हणून दक्ष सर्व्हर 'प्रॉट पी' झाल्यावांचून फाइल देतही नाहीं व घेतही नाहीं.

ह्या कड्याची आणखीही एक बाजू आहे. मालाच्या वाटेसाठीं सर्व्हर बहुधा एक नवें दार उघडून क्लायंटाची वाट पाहतो. त्या दारीं खऱ्या क्लायंटाच्या आधीं दुसराच कोणी येऊन उभा राहिला तर? कुलपानें बाहेरच्यांस मजकूर दिसणार नाहीं हें खरें. पण दाराशीं जो उभा आहे त्याच्याच हातीं तो पडेल. ह्यासाठीं सावध सर्व्हर अशी अट घालितो कीं, बोलण्याच्या वाटेवर कुलूप लावतांना जी खूण दोघांमध्यें ठरली, तीच खूण मालाच्या वाटेवर येणाऱ्यानें पटविली पाहिजे. खूण पटली तर माल द्यावयाचा, न पटली तर दार लावून घ्यावयाचें.

'सीसीसी' नांवाची एक आज्ञा आहे, तिचाही उल्लेख केला पाहिजे. बोलण्याच्या वाटेवरील कुलूप मध्येंच काढून टाकण्याची ही आज्ञा होय. वाटेंतील कांहीं यंत्रांस मालाचें दार कोठें उघडलें तें पाहतां यावें, अशा सोयीसाठीं तिचा उपयोग करितात. सोय खरी आहे; पण कुलूप काढल्यावर पुढील आज्ञा पुन्हां उघड्यावर येतात व त्यांत कोणासही आपली आज्ञा मिसळतां येते. धन्याचें धोरण तसें नसेल तर सर्व्हरनें ५३४ म्हणून ती नाकारावी. सोयीच्या नांवाखालीं आलेली प्रत्येक विनंति मान्य केलीच पाहिजे, असा द्वारपालाचा धर्म नव्हे.

ह्या जुन्या पद्धतीचा प्रचार आतां कमी होत चालला आहे. २०२१ सालीं फायरफॉक्स व क्रोम ह्या दोन्ही ब्राउझरांनीं एफटीपीचा आधार काढून टाकिला. अनेक ठिकाणीं तिची जागा एसएफटीपीनें घेतली आहे. नांवांत साम्य असलें तरी ही पद्धत निराळी असून ती एसएसएच नांवाच्या गुप्त वाटेवरून चालते. तेथें बोलणें व माल ह्यांस मिळून एकच वाट असल्यामुळें एक वाट बंद व दुसरी उघडी असा प्रकारच उद्भवत नाहीं. तरी जुन्या पद्धतीचे सर्व्हर अद्यापि कामावर आहेत, आणि जोंवर एकाही सर्व्हरमध्यें कोणाच्या मुलाचा पत्ता आहे, तोंवर त्याच्या द्वारपालाची शिस्त हा क्षुल्लक विषय नव्हे.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं कोणी उद्यां असे सर्व्हर लिहील, कोणी ते संभाळील, व बहुतेक सर्वजण त्यांच्यावर विसंबून राहतील. त्या वेळीं तीन गोष्टी स्मराव्या : क्रम सोडूं नये, खोटा होकार देऊं नये, आणि दाराबाहेर ऐकलेलें दाराच्या आंत खरें मानूं नये. शेवटीं महाराजांकडून शिकण्यासारखी चौथीही एक गोष्ट आहे. आपल्या गडाचा मोकळा कडा एका गवळणीनें दाखवून दिला, म्हणून त्यांनीं तिच्यावर राग धरिला नाहीं. त्यांनीं तिचा सन्मान केला आणि बुरूज बांधविला. आपल्या कामांतील उणीव दाखविणारा मनुष्य भेटला तर त्याचे आभार मानावे, आणि त्याच दिवशीं बुरुजाचा पहिला दगड बसवावा.